सावली नेणारा ट्रॅक्टरवाला

दुष्काळाच्या वर्षी आमचा बिडकीनचा रस्ता रुंद होत होता. कडेचे कडुलिंब तोडून आडवे पाडले होते. त्यांचे ओंडके हलवायला एक ट्रॅक्टरवाला यायचा. त्याच्या ट्रॅक्टरला मागच्या बाजूला दोन लांब लोखंडी सुळे होते, म्हणून तो सारखा मान वळवून काम करी. सुळे ओंडक्याखाली हळूच सरकवायचा, वीतभर उचलायचा आणि मागच्या ओझ्यानं पुढची चाकं उचलली नाहीत ना, हे पाहूनच निघायचा.

एका दुपारी टँकरची वाट बघत बाया उन्हात उभ्या होत्या. त्यानं त्यांच्याजवळ एक जाड ओंडका अलगद ठेवला. रस्त्याच्या कामाचा मुकादम धावत आला. "हा वखारीत न्यायचाय. उचल."

त्यानं इंजिन बंद केलं. "सायब, सावली आपुनच नेली. बसायला तर काही ऱ्हाऊ द्या."

मुकादमानं उन्हातल्या बायांकडे पाहिलं आणि "बरं, एवढाच," म्हणून परत गेला. एक म्हातारी ओंडक्यावर बसली आणि सरकून शेजारणीला जागा केली.

मी तिथंच उभा होतो, पण त्याचं नाव विचारलं नाही. आता त्याच रुंद झालेल्या रस्त्यानं मी रोज गाडीनं शहरात जातो. त्याच्या बोलण्यातल्या 'आपुन'मध्ये मीही होतो, हे मला फार उशिरा कळलं.