छत्तीस पिसं, डबल साइड टेप

"ये टेप कौन लगाया? बोलो! तीर है कि शादी का लिफाफा?"

उस्ताद ओरडले आणि हैदराबादच्या विद्यानगरातली निम्मी कुत्री भुंकायची थांबली. सत्तरी ओलांडलेला किडकिडीत माणूस, हनुवटीवर बोटभर पांढरी दाढी, पण आवाज असा की तीस मीटरवरचं लक्ष्य आपण होऊन दोन मीटर मागे सरकावं. त्यांच्या एका हातात माझा बाण होता आणि दुसऱ्या हातात त्याच बाणाचं पीस. ही दोन एकाच ठिकाणी असायला हवी होती, एवढं मलाही कळत होतं.

दोन मिनिटांपूर्वी मी तो बाण सोडला, तेव्हा मुठीवरून सरकतानाच पीस गळून पडलं. मग बाण कशाला सरळ जातोय? त्यानं शेपूट हलवली, डावीकडे वळला, पाण्याच्या टाकीला सलाम केला आणि कडुनिंबात घुसला. त्या झाडावर दोन कावळे राहत होते. त्यांनी त्याच दिवशी बिऱ्हाड हलवलं. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा, अजून परतलेले नाहीत.

"मैं लगाई, उस्ताद," मी म्हणाले.

"कैकू?"

"टाइम नहीं था."

"गोंद कू कित्ता टाइम लगता जी?"

आता हा प्रश्न त्यांनी विचारायला नको होता. कारण त्याचं उत्तर मी तोंडपाठ करून ठेवलं होतं.

आमच्या क्लबात सगळा मामला जुन्या पद्धतीचा. बांबूचं धनुष्य, लाकडी बाण, आणि बाणाच्या मागच्या टोकाला टर्कीची तीन तीन पिसं. बाण बारा म्हणजे पिसं छत्तीस. उस्तादांची रीत अशी की, पिसाच्या देठाला गोंदाची बारीक रेघ ओढायची, पीस चिमट्यात धरून दांडीवर टेकवायचं आणि दहा मिनिटं हलू द्यायचं नाही. मग पुढचं. छत्तीस गुणिले दहा, सहा तास झाले! सहा तासांत मी ऑफिसचं टपाल निकालात काढते, कोठीच्या बाजारातून भाजी आणते, दोन वेळचा स्वयंपाक करते आणि वर एक भांडणही उरकते. ज्यांना सहा तास पीस धरून बसता येतं, त्यांच्या घरी भात दुसरं कुणीतरी लावत असतं.

हे मी बोलून दाखवलं. मराठीत, हिंदीत आणि शेवटी उरलेलं तेलुगूत. उस्ताद ऐकत राहिले. माझ्या बाजूला उभे असलेले पुण्याचे गृहस्थ मात्र हसले.

हे गृहस्थ संगणकाच्या नोकरीसाठी हैदराबादेत आलेले. चाळिशीचे, टोपी चांगली, बूट चांगले, आणि बाणांना पिसं लावण्याचा चिमटा तर परदेशातून मागवलेला, चकाकणारा. तो चिमटा ते मखमलीच्या पिशवीतून असा काढत, की आपण हात जोडावेत. मला काकू म्हणायचे. मी त्यांच्यापेक्षा फार तर बारा वर्षांनी मोठी असेन, पण त्यांच्या तोंडून तो शब्द निघाला की माझं वय ऐंशीच्या पुढं जायचं.

"काकू, पद्धत म्हणून काही असते ना," ते म्हणाले. "टेप पाकिटांना लावतात."

"मी पाकिटंच चिकटवते," मी म्हणाले. "सव्वीस वर्षं."

आणि ते खरंच आहे. मी आवक-जावक विभागात बसते. माझ्या हातून गेलेली पाकिटं एकाला एक जोडली तर चारमिनारला सात वेढे बसतील. डबल साइड टेप म्हणजे माझं सहावं बोटच. कुठली टेप उन्हात ढिली पडते, कुठली कागदाचं कातडं सोलून आणते पण सोडत नाही, हे मला अंधारात हात लावून कळतं. पिसाच्या देठाएवढी बारीक पट्टी कापायची, दांडीवर दाबायची, वरचा कागद ओढायचा, पीस बसवायचं. एका पिसाला एक मिनिट. जेवणाच्या सुट्टीत डबा खाऊन सहा बाण होतात आणि वर बडीशेपेला वेळ उरतो.

पण पद्धत म्हटल्यावर माझं डोकं फिरलं, त्याला आमचं घर कारण. माझे वडील नांदेडकडून इथं सरकारी नोकरीला आले. मिरवणुकीला कमान बांधायची असो की पाहुण्यांच्या पंगतीत कुणाला कुठं बसवायचं असो, कुणी म्हणालं "अशीच पद्धत आहे" की ते चष्मा वर करून विचारायचे, "कुणी घातली?" बस, एवढंच. समोरचा निम्म्या वेळा विषयच बदलायचा. आम्हा बौद्ध घरांतल्या पोरांना हा प्रश्न दुधाबरोबर मिळालेला. मी तोच विचारला.

"किन्ने बनाए ये तरीका?"

उस्तादांनी पीस खिशात ठेवलं आणि डावा हात माझ्या नाकासमोर धरला. अंगठ्याच्या मुळाशी एक जुना, पांढुरका, वाकडा व्रण होता. "ये बनाया," ते म्हणाले. आपलं धनुष्य साधं, बाण मुठीवरूनच सरकतो. पिसाच्या देठाचं पुढचं टोक उचललेलं राहिलं तर ते जाता जाता हातात घुसतं. त्यांच्या हातात बोटभर घुसलं होतं. मग गुणांची वही मिटून त्यांनी निकाल दिला. पुढच्या रविवारी निवड. गाव-परगावच्या स्पर्धेला चार जण जाणार. तीन नावं पक्की झालेली. चौथ्या जागेला दोघंच, मी आणि पुण्याचे गृहस्थ.

"टेप वाला तीर लाइन पे नहीं आता," ते म्हणाले. "खलास."

स्कूटीवरून बरकतपुऱ्याला घरी येईपर्यंत मी इतकी तापले होते की सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं गाडी दोन हात लांब घेतली. चौथी जागा मला हवीच होती. बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा अशा कुठल्यातरी यादीत मला माझं नाव हवं होतं, जी यादी मी स्वतः टाइप केलेली नसेल.

घरी आल्यावर नवऱ्यासमोर मी सगळा प्रसंग साभिनय केला. पाण्याची टाकी, कावळे, सगळं. तो पेपर वाचत होता. मी तो दगाबाज बाण त्याच्या पेपरावर आपटला. त्यानं तो उचलला, नाकाशी नेला आणि म्हणाला, "ह्याला तुझ्या डोक्याचा वास येतोय."

मी भांडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. वास घेतला. खोबरेल!

आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी डोक्याला तेल चोळायचं आणि रविवारी न्हायचं, हा आईच्या काळापासूनचा नेम. ग्राउंडवर जायला लागल्यापासून न्हाणं परत आल्यावर. आणि त्या शनिवारी तेल चोळून झाल्यावर, त्याच चकचकीत बोटांनी मी तीन बाण पुरे केले होते. दांडीवर तेल, तेलावर टेप. तिथं टेप काय, सिमेंट ओतलं असतं तरी चिकटलं नसतं. जी बाई सव्वीस वर्षं शिपायांना ओरडते की आधी हात पुसा मग पाकिटं धरा, तिनं हे करावं?

ही गोष्ट मी उस्तादांना आजपर्यंत सांगितलेली नाही. तुम्हीही सांगू नका. आणि हो, मुकाट्यानं गोंदावर यायचा रस्ता त्या क्षणी मोकळा होता. चूक माझी, टेप सोडली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण मग टेपवर उगाच आळ राहिला असता. तो मी राहू देणार नव्हते.

आठवडाभर सुट्टीत डबा बाजूला सारून, जुनी टेप खरवडून मी सगळे बाराही बाण नव्यानं केले. हात साबणानं दोनदा धुवायचे, दांडी स्पिरिटनं पुसायची, मग टेप. त्या शनिवारी डोक्याला तेल लावलं नाही. आईला वर कळलं असेल तर ती अजून रुसलेली असेल.

रविवारी मी रेषेवर जाऊन उभी राहिले. उस्तादांनी बाण बघितला, माझ्याकडे बघितलं.

"बोला था ना मैं?"

"बोले थे. अब खींच के देखो. मेरा टेप और इनका गोंद. मेरा निकला तो मैं घर जाती."

पुण्याचे गृहस्थ म्हणाले, "काकू, कशाला उगाच?" पण त्यांनी बाण दिला. त्यांची पिसं दिसायला देखणी होती, एका ओळीत, जणू कवायतीला उभी.

उस्तादांनी आधी माझं पीस दोन बोटांत धरलं आणि ओढलं. त्या बोटांनी पन्नास वर्षं दोरी ओढलेली. पिसाचे केस उपटून त्यांच्या हातात आले, अर्धं पीस टक्कल झालं, पण देठ दांडीवरून तसूभर हलला नाही. मग त्यांनी गृहस्थांचं पीस धरलं. धरलं म्हणण्यापुरतंच. ते टप्कन, पिकल्या सीताफळाच्या डोळ्यासारखं, निघून आलं.

"सर, गोंद वाळला नसेल अजून! दमट हवा आहे!" गृहस्थ ओरडले.

उस्तादांनी दांडीवरून अंगठा फिरवला. "पॉलिश पुसे नहीं," ते म्हणाले. चकाकत्या चिमट्यात धरून सहा तास त्यांनी पिसं पॉलिशवरच चिकटवली होती.

मग उस्तादांनी आपल्या भात्यातला एक जुना बाण काढून त्याचंही पीस ओढलं. ते हललं नाही. हे मला लिहायचं नव्हतं, पण नाइलाज आहे. त्यांचा गोंद माझ्या टेपइतकाच पक्का निघाला. मग त्यांनी हातानं खूण केली, लाइनवर या.

गृहस्थांनी क्लबातले बाण उसने घेतले. दोघांनीही छत्तीस छत्तीस बाण मारले. ऊन असं की लक्ष्याच्या मधोमधचा पिवळा रंग पातळ होऊन खाली ओघळतोय की काय वाटावं. माझा एकही देठ सुटला नाही. शेवटचा बाण सोडण्याआधी मी दोन गुणांनी मागे होते, सोडल्यावर सात गुणांनी पुढं. घरी सांगताना मी तो बाण आधीच्या बाणाला चिरून आत गेला असं सांगते. तो शेजारी लागला होता, पण पिवळ्यातच.

पुण्याच्या गृहस्थांनी हात पुढं केला. "मॅडम, टेप कुठून आणता?" त्यांनी विचारलं. मॅडम! मी लगेच तीस वर्षांनी लहान झाले.

उस्तादांनी वहीत चौथं नाव लिहिलं. माझंच. मी पुन्हा पुन्हा उलटं वाचून खात्री केली. मग पेन हातातच ठेवून ते म्हणाले, "टेप चलता. सामने एक बूँद गोंद डालो. देठ के मुँह पे. बस एक."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्यांचा अंगठा वहीवर होता, तो पांढुरका व्रण वर करून. एक थेंब म्हणजे काय, अर्ध्या मिनिटाचं काम. पण आठवडाभर जे झालं ते त्या एका थेंबात बुडालं असतं.

"नक्को," मी म्हणाले.

"एक बूँद."

"नक्को बोले तो नक्को, उस्ताद. पूरा टेप."

त्यांनी पेनाला टोपण लावलं, वही पिशवीत टाकली, पिशवी खांद्याला अडकवली.

"हाथ आपका है," ते म्हणाले.