वैशालीच्या गोधडीला मी मिळवून दिलेली मतं

माझ्या सासऱ्यांनी ओमानमध्ये एकवीस दिवस नोकरी केली. व्हिजिट व्हिसावर आलेल्या माणसाने नोकरी करायला इथे सक्त मनाई आहे. पण अर्बाब, म्हणजे मालक, मीच असल्यामुळे तक्रार करणार कोण?

गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची. मी मस्कतच्या गाला भागातल्या एका कारखान्यात ऑटोमेशनचं काम बघत होतो. पाण्याच्या बाटलीला माणसाऐवजी यंत्राने बूच लावावं, एवढ्यासाठी कंपनी मला पोसत होती. या नोकरीने मला एक वाईट खोड लागली. कुणी हाताने काही करताना दिसलं की माझे हात शिवशिवायचे. घरात पोळ्या लाटण्याचं यंत्र बनवून झालं होतं. (त्याने पोळी छताला चिकटवली. तो विषय वैशाली अजून काढते.)

वैशाली माझी बायको. लग्नाआधी कुडाळला शाळेत शिवण शिकवायची. मस्कतमध्येच अझैब्यात माझ्या घरी आल्यावर सरकारी कार्डावर तिच्या नावापुढे 'गृहिणी' असा शिक्का पडला आणि आठ वर्षं ती सगळ्यांची 'परबवहिनी' होऊन राहिली. त्या वर्षी आमच्या मराठी मंडळाने हस्तकला स्पर्धा जाहीर केली. जिंकणाऱ्याने दर शुक्रवारी मंडळाच्या हॉलमध्ये आपली कला शिकवायची, हे बक्षीस. वैशालीने वाचलं आणि कपाटातून आपल्या आईच्या साड्या काढल्या. आई आदल्या वर्षी गेल्या होत्या. त्या साड्यांचे तुकडे आणि कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून आणलेली दिशदाशाची, म्हणजे ओमानी पुरुषांच्या लांब झग्याची, पांढरी कातरणं जोडून तिने दोन महिने गोधडी शिवली. मधोमध आईंची जांभळी साडी.

"अहो, मला पुन्हा शिकवायला मिळालं तर किती बरं होईल!" ती म्हणाली. आठ वर्षांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट होती. मी लगेच कामाला लागलो, आणि तिथेच घात झाला.

स्पर्धकांचे फोटो मंडळाच्या वेबसाइटवर लागले. माणशी एक मत. मतं निकालापर्यंत कुणालाच दिसणार नव्हती. मला धडकी भरली ती पाटणकरवहिनींची. त्या काचेवर मोर रंगवायच्या आणि त्यांच्या नवऱ्याच्या हाताखाली दोनशे माणसं होती.

"आपण मतांचं ऑटोमेशन करू," मी कारखान्यात रफिकभाईला सांगितलं. रफिकभाई रत्नागिरीचा, आमचा फिटर.

"कशाला? गोधडी वाईट आहे?"

"वाईट कशी असेल!"

"मग गप ऱ्हा की. लोक बघतील, देतील. इन्शाल्ला जिंकेल."

"आणि नाही जिंकली तर?"

"तर हरेल. खलास. हरलेल्या माणसाला घरी तोंड दाखवता येतं रे!"

हे ऐकायला हवं होतं. पण मी तोपर्यंत चुलतभावाच्या लग्नाची आमंत्रणयादी शोधत होतो. तीत साडेतीनशे नावं आयती टाइप केलेली होती!

प्रोग्राम झकास झाला. पान उघडायचं, यादीतलं नाव भरायचं, गोधडीवर टिचकी मारायची, सगळं आपोआप. आणि शेवटी एक चौकट यायची: 'आपण माणूस आहात हे सिद्ध करा.' खाली पाच वाकडीतिकडी अक्षरं, वर दोन आडव्या रेघा ओढलेल्या. ती वाचून लिहायची. माझा प्रोग्राम तिथे येऊन ढिम्म उभा राहायचा.

मी अक्षरं वाचणारं फुकटातलं सॉफ्टवेअर आणून जोडलं. त्याला सगळीकडे डब्ल्यूच दिसायचा. मी चित्र काळंपांढरं केलं, रेघा पुसल्या, तरी डब्ल्यू! चार दिवसांत दोनशे वेळा प्रयत्न, आणि माणूस म्हणून पास झालं शून्य वेळा.

त्याच आठवड्यात अण्णा, म्हणजे माझे सासरे, कुडाळहून दोन महिन्यांसाठी आले. तालुका कचेरीत त्यांनी तीस वर्षं टायपिस्टचं काम केलेलं. त्यांचं एक जुनं दुखणं होतं. लेकीच्या घरी बसून खायचं त्यांच्या जिवावर यायचं. तिसऱ्याच दिवशी त्यांनी आमच्या घरातले सगळे नळ, गळत नसलेलेसुद्धा, दुरुस्त केले.

"जावईबापू, काहीतरी काम द्या हो. बसून अन्न गोड लागत नाही."

मी कॉम्प्युटरकडे पाहिलं. मग अण्णांच्या बोटांकडे पाहिलं. (जावयाची सरबराई करण्यात आमच्याकडे सासऱ्याचं आयुष्य जातं हे खरं, पण त्याला असा कामाला जुंपणारा जावई पंचक्रोशीत मीच!)

"कंपनीचं थोडं काम आहे, अण्णा. ही अक्षरं दिसली की टाइप करायची. वैशालीला सांगू नका. उगाच म्हणेल, बाबांना दमवता."

दुसऱ्या दिवसापासून अण्णा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, वैशाली बाजारात गेली की खुर्चीत बसू लागले. प्रोग्राम नाव भरायचा, अण्णा माणूस असल्याचं सिद्ध करायचे. एकही चूक नाही! वर संध्याकाळी तक्रार, "ही अक्षरं कोण काढतो हो तुमच्याकडे? असा माणूस आमच्या साहेबांनी एका दिवसात हाकलला असता." एका शुक्रवारी मी म्हटलं, चला सूरला, लाकडी जहाजं बांधतात ती बघू. अण्णा म्हणाले, "तुम्ही जा. माझी आजची वीस राहिलीत."

यादी संपली आणि निकालाचा दिवस उजाडला. हॉल भरला होता. समोर गोधडी टांगली होती. वैशालीने आईचं मंगळसूत्र घातलं होतं. मंडळाच्या सेक्रेटरी सामंतबाई निकालाचा कागद हातात घेऊन आमच्यापाशी आल्या. त्या हसत होत्या, यावरून मी काय ते ओळखलं.

"काय अण्णा, करमतंय का मस्कतमध्ये?"

"न करमायला वेळ कुठाय! जावयांनी कंपनीचं काम दिलंय. वाकडी अक्षरं वाचून टाइप करायची. बाजूला हिच्या गोधडीचं चित्र असतं." अण्णांनी गोधडीकडे बोट दाखवलं. "त्यात आमच्या मंडळींची साडी आहे ना, तीच बघत बसतो. तीनशे सत्तेचाळीस झाली काल!"

सामंतबाईंचं हसू गेलं. त्यांनी लॅपटॉप उघडला आणि मतदारांची नावं तपासली.

"परब, हे बंडोपंत परब अझैब्यात कुठे राहतात?"

"ते... आता नसतात."

"भारतात असतात?"

"नाही. नसतातच."

यादीतली ती सगळी मतं एकाच घरातल्या इंटरनेटवरून आली होती, आणि ते घर आमचं होतं. सामंतबाईंनी ती सगळी काढून पुन्हा बेरीज केली. उरली ती खरी मतं. वैशालीला एकशे एक्याऐंशी, पाटणकरवहिनींना एकशे बावन्न. तिसरं कुणी जवळपासही नव्हतं.

"म्हणजे ती जिंकलीच होती?" मी विचारलं.

"जिंकलीच होती हो," सामंतबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "पण खोटी मतं सापडली की स्पर्धक बाद. नियम मीच लिहिलाय, आता मी कशी मोडू?"

शुक्रवारचा वर्ग काचेवरच्या मोरांना मिळाला. वैशालीने टाळ्या वाजवल्या, पाटणकरवहिनींचं अभिनंदन केलं, स्टुलावर चढून गोधडी स्वतः उतरवली आणि घडी घातली. मी मदतीला हात पुढे केला, तर तिने तो बाजूला सारला.

गाडीत अण्णा पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मी बोलायला नको होतं का गो?"

"तुमचं काही चुकलं नाही, अण्णा," मी म्हणालो. आयुष्यात इतकं खरं मी क्वचितच बोललो असेन.

वैशाली खिडकीबाहेर बघत होती. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"शंभरावर लोकांना माझी गोधडी आवडली," ती शेवटी म्हणाली. "ती हरेल असं फक्त तुम्हाला वाटलं."

"चुकलं माझं, वैशाली. फार चुकलं."

"एक विचारू? खऱ्या मतांची यादी मी पाहिली. सामंतबाईंचं नाव आहे, तुमच्या रफिकभाईंचं आहे, पाटणकरवहिनींचंसुद्धा आहे. तुमचं कुठे दिसलं नाही. तुम्ही कधी दिलंत?"

मी गाडी हळू केली. प्रोग्राम लिहिला, यादी शोधली, सासरा कामाला लावला, सगळं सगळं आठवून पाहिलं.

मी मत दिलंच नव्हतं!