ओली वीट

विटांच्या त्या चाळीची केस अजून माझ्या डोक्यातून जात नाही. तेव्हा मी धाराशिव शहरात ठाण्याचा प्रभारी होतो. निजामाच्या काळातली, लाल विटांची आणि चुन्यात बांधलेली चाळ, अठरा बिऱ्हाडं. मूळ मालकाने या बिऱ्हाडांना नावानिशी कायम राहण्याचा हक्क लिहून दिला होता. तो उर्दू कागद चाळीतल्याच नव्वदीच्या गुरुजींच्या ट्रंकेत असे. मालकाच्या नातवांनी चाळ रिकामी करून मागण्याचा दावा लावला आणि तारखेला चार दिवस उरले असताना कागद चोरीला गेला. नक्कल कुणी काढलीच नव्हती!

"साहेब, कागद गेला तर अठरा घरं रस्त्यावर येतील," गुरुजी ठाण्यात येऊन म्हणाले.

गुन्हा नोंदवून पंचनामा केला. ट्रंकेचं कुलूप शाबूत होतं, म्हणजे चोर घरोब्यातला. दुसऱ्या दिवशी चौकातल्या चहावाल्याने खबर दिली, "चाळीतला वायरमन मालकाच्या नातवांच्या गाडीतनं उतरला, साहेब. लई खुशीत व्हता."

वायरमनची दोन तास चौकशी केली. गडी पक्का. "मला काय म्हाईत न्हाय," याच्यापुढे जाईना. खोलीच्या झडतीतही काही मिळालं नाही. मारझोड मला कधीच पटली नाही. त्याला सोडलं आणि साध्या वेशातला हवालदार चाळीत बसवला.

तिसऱ्या दिवशी मी स्वतः गेलो. एप्रिलचं ऊन, सगळी भिंत कोरडी ठणठणीत, आणि जिन्याखाली एकच वीट ओली.

हवालदार म्हणाला, "वायरमन सकाळ-संध्याकाळ तिथं तांब्याभर पाणी मारतो, साहेब."

चाळीतली रीतच ती. सांध्यात चुना भरला की आठवडाभर पाणी मारायचं, नाहीतर तो भुगा होऊन गळतो. म्हणजे ही वीट नुकतीच बसवलेली. पंचांसमोर ती काढली. मागे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद.

"शहाण्या, पाणी मारलं नसतंस तर मला जन्मात सापडला नसता," मी म्हणालो.

"चुना गळला आस्ता की, साहेब. भिंत खराब झाली आस्ती," तो पटकन बोलून गेला.

"आणि कागद जाळला का नाहीस? नातवांनी नवा फ्लॅट कबूल केला होता ना तुला?"

त्याने मान खाली घातली. "त्यात माज्या आज्याचं नाव हाय."

माणूस तोंडाने कितीही खोटं बोलो, हातांना घरचं वळण सुटत नाही, हे मी तिथे शिकलो. पुढे मी चौकशीत तोंडापेक्षा हात जास्त पाहू लागलो.

कागद कोर्टात वेळेवर पोचला. गुरुजींनी तिथे त्यातली अठरा नावं मोठ्याने वाचून दाखवली. वायरमनच्या आज्याचं नाव आल्यावर ते थांबले, हवालदाराशेजारी उभ्या असलेल्या त्याच्याकडे पाहिलं, आणि ते नाव त्यांनी पुन्हा एकदा वाचलं.