इंची पाईपातून गेलेली केबल

आधी पडद्यावर पांढरे ठिपके चमकले. थोडे, मग पुष्कळ, पाकाला उकळी फुटावी तसे. मग पडदा काळा झाला. प्रोजेक्टर चालू होता, त्याचा पंखा फिरत होता, दिवा जळत होता. चित्र तेवढं नव्हतं.

"ये क्या है?" कर्नलसाहेबांनी विचारलं.

कर्नलसाहेब म्हणजे क्लायंटचे ॲडमिन हेड. सैन्यातून निवृत्त झालेले अधिकारी तेव्हा नोएडा-गुडगावच्या निम्म्या कंपन्यांत ॲडमिन सांभाळायचे. ही एक सॉफ्टवेअर कंपनी होती. नोएडाच्या सेक्टरात नवी कोरी काचेची इमारत, आत इटालियन मार्बल, तळमजल्यावर ऑडिटोरियम. परवा उद्घाटन होतं आणि अमेरिकेतले पाहुणे येणार होते. ऑडिटोरियमचा पडदा, आवाज, प्रोजेक्टर हे सगळं आमच्या कंपनीचं काम. मी तिथे प्रोजेक्ट इंजिनिअर होते. मेट्रो अजून नोएडाला पोचायची होती, द्वारकेहून रोज कॅबने जायचे आणि पोचेपर्यंत अर्धं डोकं उठलेलं असायचं.

मी मागे वळून पाहिलं. प्रोजेक्टरखाली किशोरीलाल हातात मीटर धरून उभे होते. ते पडद्याकडे बघत नव्हते. ते भिंतीतल्या पाईपाच्या तोंडाकडे बघत होते. बिघाड कुठे आहे ते आम्हा दोघांनाही एकदमच कळलं.

किशोरीलाल आमचे वायरिंगचे उस्ताद. पन्नाशी ओलांडलेले, बोलायला कमी, सोल्डरिंगला असा हात की आमचे भाटिया सर, म्हणजे कंपनीचे मालक, क्लायंटला मुद्दाम त्यांचं काम बघायला बोलवायचे. जुन्या ॲनालॉग काळात प्रोजेक्टरची केबल बंडलातून हवी तेवढी कापायची, पाईपातून ओढायची आणि दोन्ही टोकांना कनेक्टर जागेवरच सोल्डर करायचा, अशी पद्धत होती. कनेक्टरला ते 'मुंडी' म्हणत. दिल्लीतल्या कितीतरी हॉटेलांच्या हॉलमध्ये त्यांनी बसवलेल्या मुंड्या वर्षानुवर्षं बिनतक्रार चालल्या. पण इतकी वर्षं काम करूनही ते कॉन्ट्रॅक्टवरच होते. त्यांच्या बायकोच्या किडन्या निकामी होत चालल्या होत्या. नोकरी पक्की झाली की ईएसआयचं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं, कार्ड मिळतं आणि त्या कार्डावर घरच्यांचा इलाज फुकट होतो. भाटिया सरांनी त्यांना सांगितलं होतं, हे ऑडिटोरियम होऊ दे, तुम्हाला पक्कं करतो. त्या हॉलमध्ये कोणी मार्बलसाठी, कोणी उद्घाटनासाठी राबत होतं. किशोरीलाल त्या कार्डासाठी राबत होते.

आता घोळ कसा झाला ते सांगते.

मूळ नकाशात आमच्या यंत्रांची खोली, जिला आम्ही रॅक रूम म्हणतो, प्रोजेक्टरच्या अगदी मागे होती. चार पावलांची केबल पुरली असती. इमारत अर्धी झाल्यावर चेअरमनसाहेबांचे वास्तुतज्ज्ञ आले आणि म्हणाले, विजेची यंत्रं आग्नेय कोपऱ्यातच पाहिजेत. रॅक रूम उचलून हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेली. प्रोजेक्टर कुठे आहे हे वास्तुतज्ज्ञांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी अग्नीची दिशा बदलली नसती. आता केबल अख्खा हॉल ओलांडून जाणार होती. बरं, स्लॅबमधले पाईप आधीच टाकून झाले होते, तेही एक इंची. लाईट-पंख्यांसाठी टाकतात तसले.

आमची केबल होती नवी, डिजिटल. परदेशातून मागवलेली, एवढ्या लांब अंतरासाठी खास बनवलेली, दोन्ही टोकांना मुंड्या कारखान्यातच बसवलेल्या. मुंडी चांगली दोन बोटं रुंद. ती इंची पाईपात शिरेचना.

मी म्हटलं, फरशीत चर पाडून मोठा पाईप टाकू. कर्नलसाहेबांनी साफ नकार दिला. मार्बलला हात लावायचा नाही, चेअरमनसाहेबांनी स्वतः निवडलाय. भाटिया सरांनी तर विचारही केला नाही. किशोरीलालकडे वळून म्हणाले, "काट के निकालो, उधर जोड़ देना. किशोरीजी हैं तो क्या टेन्शन."

मी सांगितलं की केबलसोबतच्या कागदावर कापायची नाही असं स्पष्ट लिहिलंय. सर म्हणाले, कागद अमेरिकेत लिहिलाय, आपण नोएडात आहोत. किशोरीलालनी केबल हातात घेतली, वजन केल्यासारखी तोलली आणि मला समजावत म्हणाले, "मॅडमजी, तार तो तार ही है."

त्यांनी मुंडी कापली, केबल ओढली आणि प्रोजेक्टरखाली मचाणावर बसून दिवसभर तो जोड केला. केसासारख्या तारा, एकेकीला वेगळी नळी, रंगाला रंग. मी वर चढून पाहिलं. एवढं देखणं काम मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

भाटिया सरांचा एक रिवाज होता. नव्या प्रोजेक्टरवर पहिलं चित्र देवीचंच. स्वतःचा लॅपटॉप लावायचे, नारळ फोडायचे आणि पडद्यावर देवी आली की काम पास. त्या दिवशीही देवी आली, स्वच्छ, झळझळीत. टाळ्या झाल्या, पेढे वाटले, कर्नलसाहेबांनी हँडओव्हरवर सही केली. सरांनी किशोरीलालच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "समझो पक्के हो गए." किशोरीलालनी आपला पेढा खाल्ला नाही, रुमालात बांधून घरी नेला.

आणि आज रंगीत तालीम. कंपनीची फिल्म एका नव्या हाय-डेफिनिशन प्लेअरवरून चालवायची होती. ती चालवली आणि पडदा काळा झाला.

कारण सोपं आहे. ॲनालॉग सिग्नल थकत थकत मरतो. जुन्या केबल टीव्हीवर मुंग्या यायच्या, तरी मॅच दिसायची. कुठेतरी बिघडलंय हे आधी कळायचं. डिजिटलमध्ये चित्र आकड्यांच्या रूपात, ठोक्याठोक्याने पाठवतात. ठोके ओळखू आले तर चित्र पूर्ण, नाही आले तर काहीच नाही. मध्ये फक्त ते चमकते ठिपके, तेही थोडा वेळ. चित्र जितकं बारकाव्याचं, तितके ठोके वेगाचे. सरांच्या लॅपटॉपची देवी कमी बारकाव्याची होती, ती कशीबशी पार झाली. फिल्मचे ठोके कित्येक पटींनी वेगवान होते. केबलच्या आत तारांच्या जोड्यांना पीळ दिलेला असतो आणि तो पीळच त्या ठोक्यांना सांभाळतो. सोल्डर करायला पीळ उलगडावा लागतो. लांबच्या प्रवासाने आधीच दमलेला सिग्नल त्या बोटभर उलगडलेल्या जागेत संपला. हात कितीही चांगला असो, इथे हाताचा संबंधच नव्हता.

मी सिग्नलला जोर देणारा बूस्टर बदलला. फरक पडला नाही. प्लेअरचा बारकावा कमी केला, तर चित्र आलं, पण कर्नलसाहेबांना ते चालणार नव्हतं. मग मी सांगितलं, आमच्याकडची दुसरी, अखंड केबल टाकावी लागेल आणि त्यासाठी फरशी कापावी लागेल. मला वाटलं, आता वाद होणार. कर्नलसाहेबांनी फक्त फोन उचलला. ज्या मार्बलला हात लावायचा नव्हता, तो जेवणाच्या सुट्टीआधी कापून झाला होता. इतकं सहज. माझं डोकं फिरलं, अजूनही आठवलं की फिरतं.

चर खणला जात असताना कर्नलसाहेबांनी भाटिया सरांना विचारलं की चूक कोणाची. त्यांना रिपोर्टमध्ये एक नाव लिहायचं होतं. मार्बल का कापला हे वर सांगायला लागणार होतं.

"इन्होंने केबल काट दी," भाटिया सर म्हणाले. "बिना पूछे."

किशोरीलाल तिथेच उभे होते. त्यांनी सरांकडे पाहिलं. मी बोलले. कर्नलसाहेबांच्या समोरच म्हटलं, "सर, पाईप इंची होता. कापायला तुम्हीच सांगितलंत." रागाच्या भरात मी हे मराठीत बोलून गेले, मग हिंदीत पुन्हा सांगितलं. कर्नलसाहेबांनी ऐकलं. ते वाईट माणूस नव्हते, पण इंची पाईप आणि वास्तू ही नावं वर चेअरमनकडे पाठवता येण्यासारखी नव्हती. किशोरीलाल हे नाव पाठवता येत होतं. भाटिया सर मला म्हणाले, "ऑफिस में बात करेंगे." मग सिक्युरिटीला सांगून किशोरीलालचा गेटपास जमा करायला लावला.

मी गेटपर्यंत त्यांच्यासोबत गेले. त्यांनी पास दिला, हत्यारांची पिशवी तपासून घेतली. बाहेर आल्यावर थांबले.

"मॅडमजी, जोड़ में कमी थी?"

"नहीं," मी म्हटलं. "आपका जोड़ बिल्कुल सही था. ये सिग्नल जोड़ सहता ही नहीं."

त्यांनी मान हलवली. दिलासा मिळेल म्हणून मी हे बोलले होते. त्यांचा चेहरा मात्र त्याने आणखीच उतरला.

"फिर तो हमारा काम ही गया," ते म्हणाले आणि रस्ता ओलांडून शेअर ऑटोच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

उद्घाटन छान झालं. फिल्म एकदाही अडखळली नाही. पाहुण्यांनी मार्बलचं कौतुक केलं. चरावर कार्पेटची पट्टी टाकली होती, तीही लोकांना डिझाइन वाटली. ऑफिसात मी भाटिया सरांशी भांडले, दोनदा. पहिल्यांदा ते म्हणाले, धंदा असाच चालतो. दुसऱ्यांदा म्हणाले, इतकं वाटत असेल तर तुम्हीही जा. मी लगेच गेले नाही, पुढच्या वर्षी गुडगावच्या दुसऱ्या कंपनीत गेले.

तिथे स्थिरावल्यावर मी पहिलं काम केलं ते किशोरीलालना फोन करण्याचं. स्पीकरचं, लाईटचं वायरिंग होतंच की, ज्याला अजून चांगला हात लागतो. नव्या बॉसशी बोलून ठेवलं होतं, सुरुवातीपासूनच पेरोलवर. मी उत्साहाने सगळं सांगितलं. पक्की नोकरी, पहिल्या महिन्यापासून ईएसआय.

पलीकडे कुठेतरी मिक्सर दुरुस्त करून बघत असावेत, त्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"अब कार्ड किसके लिए बनवाऊँ, मॅडमजी," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता. मग माझ्या मुलांची चौकशी केली.

मुलं बरी आहेत एवढं मी सांगितलं. फोन ठेवला आणि वॉशरूममध्ये जाऊन रडले.

आता माझ्या प्रत्येक नकाशावर मी स्वतः लिहिते, पाईप दोन इंचीच हवा, आणि तो दिसल्याशिवाय केबल साईटवर उतरवू देत नाही. नव्या पोरांना हेही सांगते की देवीच्या फोटोवर टेस्ट करू नका, जी फिल्म चालवायची तीच आधी चालवा. ते ऐकतात. आमच्या धंद्यात हँडओव्हरच्या वेळी एकेका स्क्रूची सही घेतात. 'समझो पक्के' म्हटलं त्या दिवशीही टेबलावर पेन होतं, कागद होते, सगळे हजर होते. त्या एका गोष्टीची सही मात्र कोणी मागितली नाही.