सर कन्नडमध्ये काय म्हणाले

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही ऋतुजाला ओळखत नाही – म्हणून असेल.

ऋतुजा साताऱ्याची. बी.एस्सी.साठी बंगळूरला आलेली, बसवनगुडीत आमच्याच गल्लीत पेइंग गेस्ट. पहिल्या वर्षी गणितात नापास झालीस तर सरळ घरी यायचं, असं वडिलांनी निघतानाच बजावलं होतं. आम्ही इथले पिढ्यानपिढ्यांचे. मराठी फक्त घरात, तेही निम्मं कन्नड. त्यामुळे आईला तिचं कोण कौतुक! रोज जेवायला आमच्याकडे. "कसं स्वच्छ बोलते बघ," हे मला ऐकवणं. एकदा मी म्हणाले, "अण्णाला स्वल्प सारू वाढ." म्हणजे दादाला थोडं सार वाढ. ऋतुजा खो-खो हसली. आईही हसली. एवढंच. एवढ्यावर कुणी डूख धरतं का? मी धरला.

गणिताचे सर शिकवायचे इंग्रजीत, पण परीक्षेआधीच्या उजळणीच्या तासाला खुलले आणि कन्नडवर आले. कॅल्क्युलसमधल्या लिमिट्सच्या सिद्धता सोडून द्या, म्हणाले. मॅक्झिमा-मिनिमा आणि इंटिग्रेशन घोटून या, पेपर त्यावरच आहे. ऋतुजाला कन्नड येत नव्हतं. नेहमीसारखं तिनं मला कोपरानं ढोसलं – काय म्हणाले गं?

आणि मी – मी अडखळलेसुद्धा नाही. लिमिट्सच्या सिद्धता पक्क्या करा म्हणाले, असं सांगितलं. इंटिग्रेशन फारसं नाही.

रागात तोंडून निघून गेलं म्हणावं, तर पेपरला अजून चांगला आठवडा होता. ती आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून त्याच सिद्धता घोकायची. मी वरच्या खोलीत दार लावून इंटिग्रेशन करायचे. एकदा तिनं विचारलंही, मॅक्झिमा-मिनिमा नुसतं नजरेखालून घालू का? कशाला, वेळ जाईल, म्हणाले. आई तिच्यासाठी कॉफी आणायची. मला तेव्हा वाईट वाटत होतं का? नाही. खोटं कशाला बोलू – मजा वाटत होती.

पेपर हातात पडल्यावर तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत संशय नव्हता हो. सरांनी आपल्या दोघींना फसवलं, असं काहीतरी होतं. मला आधीपासूनच सगळं येत होतं म्हणून मी सुटले, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं.

ती गणितात नापास झाली. ती सामान बांधत होती तेव्हा मी मदतीला तिच्या खोलीवर गेले. वडिलांचा फोन आला. ती रडत होती. पलीकडून त्यांनी विचारलं असावं – मग तुझी ती मैत्रीण कशी पास झाली?

"तिला काही बोलू नका ना, पप्पा. तिनं मला सगळं मराठीत समजावून सांगितलं होतं. मीच कमी पडले."

मी हातभर अंतरावर होते. फोन मागून घ्यायचा आणि एक वाक्य बोलायचं, एवढंच काम होतं.

मी तिची चादर घडी करत राहिले.