टिटवीच्या घरादाराचं फटू

आमच्या चुलत सासऱ्यांएवढं पोटावर सरपटणारं मानूस साऱ्या कृष्णाकाठाला घावायचं न्हाई. मी त्यास्नी मामंजीच म्हंती. मिलिटरीतनं आलं ते क्यामेरा घिऊनच, आन् तवापासनं नदीच्या वाळूत पालथं पडायचं, टिटव्यांच्या घरादाराचं फटू काढायचं, ह्योच धंदा. टिटवीला दिसाया नगं म्हनून अंगावर बायकूचं, म्हंजी आमच्या धाकट्या सासूबाईंचं, मातकट लुगडं. मी नवी नवरी, धुनं घिऊन गेली, तर वाळूत लुगडं आन् खालनं केसाळ पाय! बाई बुडून काठाला लागली म्हनून मी अशी बोंबलली, निम्मा गाव पळत आला. लुगडं उठून बसलं, म्हनलं, "सूनबाई, उडवलीस न्हवं पाखरं!"

कुंडल गावातल्या एका लग्नात त्यास्नी फटू काढाया लावलं, तर नवरी कुटंतरी कडंला आन् मांडवाच्या बांबूवर बसल्यालं होल्याचं पाखरू मदोमद. धाकट्या सासूबाई म्हनल्या, "आवं, अक्षता होल्यावर टाकल्या व्हत्या का आमी?"

पर गेल्या उन्हाळ्यात माझं निराळं झालं. आमचं मालक शिमेवर, पोरगं तान्हं, आन् रोज सांजच्याला टिटवी घरावर वरडायची. वाईट बातमी येती म्हनून माझ्या सासूबाई चुलीत मीठ टाकायच्या. त्या दिशी ह्यांचा फोन लागंना, टिटवी थांबंना, मी पोराला छातीशी धरून उंबऱ्यात रडत बसली. तवर मामंजी दारात. "रडतीस कशाला? ती तुज्या नवऱ्यासाठी न्हाई वरडत. तिच्या पिलांकडं कुत्रं आलं आसंल. चल, दावतो."

पोरासकट मला वाळूत लुगड्याखाली बसवलं! आन् खरंच कुत्रं. टिटवी त्याच्या डोसक्यावर झेपा घालतीया, पिलं खड्यागत गप पडल्याली. मला काय ऱ्हावंना, चप्पलच फेकली. कुत्रं पळालं. मग आयनं हाक मारली तशी पिलं तिच्या पंखाखाली शिरली, खालनं नुसत्या काड्यांगत तंगड्या. मामंजींनी फटू काढला आन् हळूच म्हनलं, "बघ, हीबी भ्यालीया. पर वरडती म्हंजी जागी हाय."

ह्यांचा फोन सकाळी आला. रेंज नव्हती म्हनं.

औंदा मामंजींच्या डोळ्यात मोतीबिंदू, क्यामेरा खुटीला. टिटवी वरडली की सासूबाई मिठाचा डबा हुडकत्यात, मी पोराला कडंवर घिऊन, काठी घिऊन नदीला पळती. आली की मामंजी इचारत्यात, "सगळी हायत का गं?"

"हायत, मामंजी."

मग ते बाजल्यावर पालथं हुत्यात, वाळूत पडल्यागत, आन् एक डोळा मिटत्यात.