पश्चिम उताराची बाग

त्या बागेचं नाव काढलं की मला आधी वास आठवतो. मोरचूद, गंधक आणि वेलींखाली पडून आंबलेली द्राक्षं, या सगळ्यांचा मिळून घशाला चिकटणारा वास. साडी दोनदा धुतली तरी तो जायचा नाही. पण त्या बागेत वासाहूनही घाण असं बरंच काही होतं.

मी मूळची नांदेडची. वनस्पतिशास्त्र शिकले, आणि भूकंपानंतर काही वर्षांनी लग्न होऊन लातूरला आले. नवरा पाटबंधारे खात्यात कारकून. त्याचं गाव भूकंपात गेलं होतं. सासरे आणि धाकटी नणंद मातीच्या माळवदाखाली दबून गेले. सासूबाई तेवढ्या लातूरला मुलाच्या खोलीवर आल्या होत्या म्हणून वाचल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. सरकारनं नव्या जागी गाव वसवून दिलं, पण त्या तिथं राहायला गेल्या नाहीत. "चौकोनी घरं हायती सगळी, कुणाचं कोणतं कळत न्हाई," म्हणायच्या.

लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागत होत्या. देगलूर, उदगीर, बीड, कुठकुठून पोरं यायची. एका खोलीत चार खाटा, खिडकीत वाळत घातलेले कपडे आणि दारात डबेवाल्याचे डबे. मला त्यातल्याच एका क्लासमध्ये नोकरी लागली. मालकांना सगळे सर म्हणायचे. कधीकाळी ते भौतिकशास्त्र शिकवत, आता फक्त प्रवेश बघत. पांढराशुभ्र सफारी, गालात कायम गुटखा. बोलताना ते मान वर करून बोलायचे, म्हणजे तोंडातलं सांडू नये.

सरांनी औशाच्या रस्त्याला एक डोंगर घेतला होता. एक दिवस मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, ऊस तर कुणीबी लावतो. आपल्याला डोंगरावर द्राक्षं पाहिजेत. तुमचा विषयच हाय, तुम्ही लक्ष घाला."

मला खरंच आनंद झाला. फळ्यावर वेल काढून काढून कंटाळले होते. रविवारी आम्ही जीपमधून गेलो. डोंगर म्हणजे टेकाडच, पण जमीन द्राक्षाला बरी होती. वर हातभर मुरमाड माती, खाली फुटका कातळ, पाणी थांबायचं नाही. खालच्या काळ्या रानात वेलीची मुळं पावसाळ्यात कुजली असती, इथं तो धोका नव्हता. डोंगराला दोन अंगं होती. पूर्वेकडचं अंग गायरानाकडं उतरायचं. तिथं सकाळचं ऊन लवकर येई आणि पानांवरचं दव झटकन सुके, म्हणजे केवडा रोगाला वाव कमी. दुपारनंतर ते सावलीत जाई. पश्चिमेचं अंग रस्त्याकडं. तिथं सकाळी उशिरापर्यंत पानं ओली आणि दुपारी भट्टी, वर उन्हाळ्यातला झळांचा वारा. मी सरांना सगळं नीट समजावून सांगितलं. बोअरचं पाणी तपासून घेतलं होतं, ते खारट निघालं होतं. तेही सांगितलं.

"पूर्वेकडं लावू," मी म्हणाले.

"आणि ती बघणार कोण? गायरानातल्या शेळ्या?" सर म्हणाले. "रस्त्यावरून दिसली पाहिजे मॅडम. वर बोर्ड लावायचाय."

बाग पश्चिमेलाच लागली.

उतार तीव्र होता, म्हणून टप्पे पाडून दगडी ताली, म्हणजे माती अडवणाऱ्या आडव्या भिंती, घालायचं ठरलं. दगड ट्रॅक्टरनं येऊ लागले. चांगले घडीव, चौकोनी, काही एका बाजूनं काळे पडलेले. मी विचारलं तर सर म्हणाले, "खाणीतले." काळेपणाचं विचारलं तर म्हणाले, "खाणीत भट्टी होती." मला दगडांतलं काही कळत नव्हतं. मी मुळ्या बघत होते. तालीत पाणी निघायला भोकं ठेवा, नाहीतर मागं पाणी साचून भिंत फुगेल, एवढं मी गवंड्याला बजावलं. भोकांनी भिंत दिसायला खराब होते म्हणून सरांनी ती बुजवून घेतली.

तरी वेली आल्या. तारांवर चढल्या, पानांच्या कडा खारानं करपल्या, पण जगल्या. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फुटवे आले, बारीक हिरवे घड दिसू लागले, तेव्हा मी सरांना विरळणी म्हणजे काय ते समजावलं. घडातले बरेच मणी कात्रीनं काढून टाकायचे, मग उरलेले मोठे होतात. त्यानंतर घड संजीवकाच्या पाण्यात बुडवायचे, मणी लांब होतात. सरांनी हे इतकं मन लावून ऐकलं की मला बरं वाटलं. पुढच्याच रविवारी त्यांनी पालकांची जीप भरून आणली आणि माझ्यादेखत वेलीखाली उभं राहून सांगितलं, "बघा, आपल्याकडं पद्धत हीच. कमजोर मणी आधीच कापायचा. जो ऱ्हातो तो डॉक्टर होतो."

पालक हसले. शेजारी त्यांची मुलं उभी होती, दहावी झालेली. त्यातल्या एका मुलीनं खाली पडलेल्या हिरव्या मण्यांवरून पाय बाजूला घेतला. ज्या बापानं टाळी दिली त्याच्या गालातही गुटखा होता. दोघांचे ते लाल दात एकदम दिसले. मी पाणी प्यायचं निमित्त करून निघून गेले. त्यानंतर दर आठवड्याला हेच भाषण व्हायचं, आणि शब्द माझेच.

पहिला माल आला फेब्रुवारीत. सरांनी सगळ्या शिक्षकांना घरच्यांसह बोलावलं, काही मोठे पालकही होते. आत्याबाई कुठं जात नसत, पण त्या दिवशी म्हणाल्या, "येते. द्राक्षं झाडाला लागतेत का वेलाला, ते तरी बघते."

त्या आल्या. वेलीखाली मान वाकवून फिरल्या. एक मणी खाल्ला, "लई गोड हाय," म्हणाल्या. मी नवऱ्याशी बोलत होते. थोड्या वेळानं बघते तर आत्याबाई तालीला हात लावून उभ्या. कडेनं सावकाश चालत होत्या, दगडावरून तळवा फिरवत, जसा म्हशीच्या पाठीवरून फिरवावा.

तालीच्या टोकाला, बागेत शिरायच्या पायऱ्यांपाशी, एक उखळ बसवलं होतं. काळ्या चौकोनी दगडात कोरलेलं, कमरेएवढ्या उंचीवर. सर त्याला शोभेची वस्तू म्हणत. शोभा अशी की येणारा-जाणारा त्यात थुंकायचा. सुरुवात सरांनीच केली होती. आत लाल चिखल झाला होता, त्यात द्राक्षांच्या साली, विड्यांची थोटकं, वर घोंघावणाऱ्या माश्या. मी त्याच्याजवळून जाताना नेहमी श्वास धरायची.

आत्याबाई त्या उखळापाशी थांबल्या. काठावरून बोट फिरवलं आणि एका जागी बोट अडलं.

"पोरी, इकडं ये," त्यांनी मला हाक मारली. "हितं टवका उडालाय बघ. धाकलीच्या हातनं मुसळ सुटलं व्हतं."

मी बघत राहिले. नवरा जवळ आला, वाकला आणि तसाच वाकलेला राहिला. त्यानं लहानपणी ते उखळ रोज बघितलं होतं.

तेवढ्यात सर दोन पालकांना घेऊन पायऱ्या चढून आले. सवयीनं मान पुढं केली आणि थुंकले. आत्याबाईंचा हात काठावरच होता. त्यांच्या मनगटावर शिंतोडे उडाले.

"ह्याच्यात थुकता व्हय रे तुम्ही?" आत्याबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता.

"आजी, चुकून झालं," सर म्हणाले. "बाजूला व्हा जरा."

"हे माझ्या घरातलं उखळ हाय."

सर हसले. "आजी, उखळं काय, सगळी सारखीच असतेत."

"न्हाईत सारखी. माझं हाय हे."

"बरं, तुमचं तर तुमचं. घेऊन जा घरी. आपण दुसरं आणू, तिथं ढीग पडलाय."

"तिथं म्हणजे कुठं सर?" मी विचारलं.

"अहो मॅडम, पडक्या गावठाणात. सगळेच आणतेत. त्या मलब्याचं कुणाला काय काम हाय? लोकांना नवी घरं दिली की सरकारनं."

"तुम्ही खाण म्हणाला होता."

"खाणीतला दगड घडवत बसलो असतो तर ताली व्हायला किती वर्षं लागली असती? हा आयता घडीव." त्यांना खरोखरच काही वावगं वाटत नव्हतं. ते मला हिशेबाची गोष्ट सांगावी तसं सांगत होते.

मी तालीकडं बघितलं. एकावर एक सात-आठ टप्पे. काळे पडलेले दगड चुलीमागचे होते. एकाला अर्धा कोनाडा होता, एकावर हळदकुंकवाचा पुसट हात. या भिंतींखाली माणसं दबून मेली होती, आणि मी त्यांच्याकडं पाठ करून घड बुडवत आले होते.

आत्याबाईंनी पदर खोचला. उखळात हात घातला आणि ओंजळीनं तो लाल लगदा बाहेर काढू लागल्या. नवरा म्हणाला, "आई, चल. लोक बघायलेत." त्यांनी ऐकलं नाही. एका पालकाचं तोंड भरलेलं होतं, आता थुंकावं कुठं ते त्याला कळेना. तो गाल फुगवून आमच्याकडं बघत उभा होता, शेवटी वेलींत पळाला. देगलूरकडची एक आई नाकाला पदर लावून मागं सरली.

मी बांगड्या वर सारल्या आणि हात घातला. आत गरम, बुळबुळीत होतं. तळाशी काहीतरी केसाळ बोटाला लागलं, कुजलेलं पान असावं. मी डोळे मिटून काढत राहिले. आत्याबाई मुरुम टाकून घासत होत्या, मी ठिबकची नळी ओढून पाणी सोडत होते. खूप वेळानं खालचा काळा दगड दिसला. मग नवरा खाली गेला, पहार घेऊन आला, आणि त्यानं तालीतून ते उखळ सुटं करायला सुरुवात केली. सर म्हणाले, "अरे, भिंत हलंल!" त्यानं वर बघितलंसुद्धा नाही. बागेतल्या दोन गड्यांनी हात लावला आणि उखळ मालाच्या टेम्पोत चढलं.

दुसऱ्या दिवशी मी केबिनमध्ये जाऊन नोकरी सोडत असल्याचं सांगितलं.

"एका दगडासाठी?" सरांना खरंच आश्चर्य वाटलं. "मॅडम, मोठी बॅच देतो तुम्हाला. सासूबाईंचं काय मनावर घेता, जुनी माणसं असतेत."

"सर, कालपासून जेवायला बसले की माझा हात तोंडाकडं जात नाही," मी म्हणाले. ते त्यांना कळलं नाही. त्यांनी ड्रायव्हरबरोबर द्राक्षांची पेटी घरी पाठवली. मी ती उकिरड्यावर टाकणार होते. आत्याबाईंनी हातातून काढून घेतली, मणी धुतले आणि ताटलीत घेऊन खात बसल्या. "वेलानं काय केलंय तुझं?" म्हणाल्या. उरलेली त्यांनी खालच्या मजल्यावरच्या क्लासच्या पोरांना वाटून टाकली. मला एकही खाववलं नाही.

उखळ आमच्या इमारतीच्या मागच्या अंगणात ठेवलं. मला वाटलं होतं, त्या त्याच्यावर फूल वाहतील. त्यांनी त्यात कारळाची चटणी कुटली. खालच्या शेजारणीनं आवाजाची तक्रार केली, तर तिला वाटीभर नेऊन दिली.

पुढच्या पावसाळ्यात बाग गेली. आधी केवडा आला आणि पश्चिमेच्या अंगावरची पानं तेलकट डाग पडून गळाली. मग एका मोठ्या पावसात तालीमागं पाणी साचलं, मधली भिंत फुगली आणि फुटली. तिच्या धक्क्यानं खालचे टप्पे गेले. वेली तारांसकट लोंबकळत राहिल्या, दगड घरंगळत रस्त्यापर्यंत आले. नवऱ्यानं ऑफिसातून येऊन सांगितलं तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "मला घेऊन चल."

आम्ही पोचलो तेव्हा नव्या गावातली माणसं ट्रॅक्टर घेऊन आधीच आली होती. दगड उचलून ट्रॉलीत भरणं चाललं होतं. मला वाटलं, देवळासाठी असतील. गोठ्यासाठी होते. सर जीपमधून आले, काच खाली करून ओरडले, "कुणाला विचारून नेताय?" ट्रॉलीत दगड पडतच राहिले. चिखलात उतरायची त्यांची तयारी नव्हती. थोडा वेळ काचेतून बघत राहिले आणि गेले. पुढं त्यांनी तो डोंगर प्लॉट पाडून विकला. त्यांच्या क्लासची पाटी मात्र वर्षागणिक मोठीच होत गेली, आणि ती दिसली की मी अजून रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघते.

त्या दिवशी दोन माणसं एका लांब दगडावरून भांडायला लागली. माझ्या दाराचा, नाही माझ्या दाराचा. आत्याबाई चिखलातून पाय काढत त्यांच्यापर्यंत गेल्या, दगड निरखून बघितला.

"तुमच्या दोघांचाबी न्हाई," त्या म्हणाल्या. "पाटलाच्या ओसरीचा हाय. त्याच्यावर बसून मी निम्मं आयुष्य शेंगा फोडल्या."

सगळे हसले, भांडणारेही. मग माणसं एकेक दगड त्यांना दाखवू लागली आणि त्या कुणाचा ते सांगू लागल्या. काही खरे असतील, काही त्यांनी ठोकूनच दिले. ट्रॉली भरून निघाली तेव्हा ऊन चढलं होतं. आत्याबाईंनी साडीचा चिखल झटकला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "भूक लागली. फाट्यावर हॉटेल हाय ना रे? भजी खाऊ."